प्री-एक्लॅम्पसिया : आईच्या रक्ताचे अहवाल पोटातील बाळाबद्दल नेमके काय सांगतात?

केवडा | ४ जुलै, रात्री ९.२०

नमस्कार. माझ्या धाकट्या जावेला तीस आठवडे पूर्ण होऊन चार दिवस झाले आहेत. तिचे हे पहिलेच बाळंतपण आहे. गेल्या आठवड्यात तपासणीच्या वेळी रक्तदाब १५०/९६ भरला आणि लघवीत प्रथिने 'दोन अधिक' (++) आली, म्हणून तिला दाखल करून घेतले. प्री-एक्लॅम्पसियाचे, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने जाण्याच्या आजाराचे, निदान झाले असून रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत आणि बाळाच्या फुप्फुसांसाठीची स्टिरॉइडची इंजेक्शने देऊन झाली आहेत. सोनोग्राफीत बाळाचे वजन साधारण ११०० ग्रॅम, म्हणजे या आठवड्यासाठीच्या दहाव्या शततमकाच्या खाली (शंभरांतील सर्वांत लहान दहा बाळांत) आहे. नाळेच्या रोहिणीच्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रोध वाढलेला आहे, पण प्रवाह थांबलेला नाही, असे लिहिले आहे.

प्रश्न रक्ताच्या अहवालांबद्दल आहे. एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ या आईच्या रक्तातील दोन प्रथिनांचे गुणोत्तर १४२ आले आणि त्याखाली छापले आहे की ८५ च्या वर म्हणजे जास्त. युरिक अ‍ॅसिड ६.४ आहे. प्लेटलेट्स १,९०,००० आहेत आणि यकृताची विकरे (एन्झाइम्स) ठीक आहेत. घरात १४२ हा आकडा म्हणजे बाळाच्या जिवाला असलेल्या धोक्याचे मोजमाप आहे असा सर्वांचा समज झाला आहे. दीर रोज विचारतात की तपासणी पुन्हा करून आकडा खाली आला का ते पाहू या. सासूबाई सांगतात की १९७९ साली त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात असाच रक्तदाब वाढला होता आणि दिवसभराची लघवी मोठ्या बाटलीत साठवून 'बाळाचे हार्मोन' तपासायला पाठवत असत. ती तपासणी आता का करत नाहीत, असे त्यांनी डॉक्टरांनाही विचारले. डॉक्टर चांगले आहेत, वेळ देतात, पण वॉर्डात गर्दी असते आणि सगळे विचारून होत नाही. उपचार बदलण्यासाठी मी विचारत नाही. या आकड्यांचा अर्थ समजून घ्यायचा आहे, म्हणजे घरच्यांना नीट सांगता येईल.

काचनळी | ४ जुलै, रात्री ११.०५

केवडाताई, मी ३१ वर्षे रुग्णालयाच्या जैवरसायन प्रयोगशाळेत काम केले आणि आता निवृत्त आहे. तुमच्या सासूबाईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर कळले की आजच्या १४२ चा अर्थ लावणे सोपे जाते.

ती बाटली कदाचित प्रथिनांसाठी असेल, पण 'बाळाचे हार्मोन' असे त्यांना सांगितले गेले असेल तर ती इस्ट्रिऑलसाठी होती. इस्ट्रिऑल तयार होण्याची वाट मोठी सुंदर आहे. बाळाच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी एक कच्चा माल बनवतात, बाळाचे यकृत त्यावर एक प्रक्रिया करते, वार (प्लॅसेंटा) त्याचे इस्ट्रिऑल करते, ते आईच्या रक्तात उतरते आणि लघवीवाटे बाहेर पडते. म्हणजे बाळ आणि वार दोघे मिळून जे काम करतात त्याची पावती आईच्या लघवीत मिळते, असा त्यामागचा विचार होता. सोनोग्राफी रुळण्यापूर्वी पोटातील बाळाकडे पाहण्याची दुसरी खिडकीच नव्हती, त्यामुळे १९६० आणि १९७० च्या दशकांत जगभर लाखो बाटल्या भरल्या गेल्या. त्याच काळात ह्यूमन प्लॅसेंटल लॅक्टोजेन हे वारेचे दुसरे संप्रेरकही मोजत असत आणि ३० आठवड्यांनंतर ते दर मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅमच्या खाली गेले तर 'धोक्याचा पट्टा' म्हणत.

मग हे सोडून का दिले? पहिले कारण असे की आकडा दिवसागणिक एवढा वरखाली होत असे की खरी घसरण आणि नेहमीचा चढउतार यांत फरक करता येत नसे. दुसरे कारण मला आजही विचार करायला लावते. आईला अ‍ॅम्पिसिलिन दिले तरी लघवीतील इस्ट्रिऑल उतरत असे, कारण आतड्यातील जिवाणू कमी झाले की त्याचे पुनर्शोषण बदलते. बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइड दिले तर बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी काही काळ मंदावतात आणि इस्ट्रिऑल आणखी कोसळते. बाळाच्या भल्यासाठी दिलेले औषधच बाळ संकटात असल्याचा खोटा इशारा देत असे. काही बाळांच्या वारेत जन्मतःच एक विकर कमी असते. तिथे बाळ ठणठणीत असूनही इस्ट्रिऑल जवळजवळ नसतेच. शेवटी ज्यांच्या डॉक्टरांना निकाल कळवले आणि ज्यांच्या कळवले नाहीत अशा गरोदर स्त्रियांची तुलना अमेरिकेत १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा निकाल कळल्यामुळे बाळे अधिक वाचतात असे दिसले नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा ती तपासणी मावळत होती, पण त्या बाटल्यांचे मोजमाप मी स्वतः केले आहे. एखाद्या आईचा आकडा खाली आला की आम्ही धावत वॉर्डात कळवायचो. त्यांतले कितीतरी इशारे खोटे असणार, हे नंतर समजले.

आता आजच्या तपासणीकडे येऊ. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या भागात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी रोहिण्यांच्या भिंतीत शिरून त्या रुंद आणि सैल करतात, म्हणजे आईचे रक्त वारेत संथ आणि भरपूर येते. लवकर होणाऱ्या प्री-एक्लॅम्पसियात हे काम अर्धवट राहते. रक्ताची ओढाताण झालेली वार मग एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन जास्त प्रमाणात आईच्या रक्तात सोडते. रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी ठेवणाऱ्या वाढ-घटकांसाठी पेशीवर जो ग्राहक (रिसेप्टर) असतो, त्याचाच हा पेशीला न जोडलेला, रक्तात सुटा फिरणारा प्रकार समजा. तो पीएलजीएफ आणि त्याच्या भावंडांना वाटेतच पकडतो. अस्तराला त्यांचा पुरवठा होत नाही. रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडातून प्रथिने गळू लागतात. २००३ मध्ये बोस्टनला अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच प्रथिन गाभण उंदरांमध्ये वाढवून रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने दोन्ही निर्माण करून दाखवली. करुमांची हे मद्रास मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. पुढच्याच वर्षी साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून असे दिसले की लक्षणे दिसण्याच्या साधारण पाच आठवडे आधीच एसएफएलटी-१ चढू लागते, आणि पीएलजीएफ त्याहीआधी कमी असते.

गुणोत्तरात वर एसएफएलटी-१ आणि खाली पीएलजीएफ असते, म्हणून १४२ चा अर्थ एवढाच की वार आजारी आहे. बाळ या क्षणी कसे आहे हे त्यात लिहिलेले नाही. इस्ट्रिऑलमध्ये निदान बाळाच्या ग्रंथींचा वाटा तरी होता. या दोन प्रथिनांत बाळाचा स्वतःचा शब्द जवळजवळ नाही. घरच्यांना सांगताना हा फरक आधी सांगा, असे मला वाटते.

समईची_वात | ५ जुलै, सकाळी ७.१५

काका, फार स्पष्ट झाले. पण वार आजारी असेल तर बाळालाच त्रास होणार ना? मग हा फरक नुसता शब्दांचा नाही का?

घाटमाथा | ५ जुलै, दुपारी ३.३०

मी प्रसूतितज्ज्ञ आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी काम करते. समईताईंचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर रोजच्या कामात द्यावे लागते, म्हणून सविस्तर लिहिते.

आजारी वारेकडे राखीव ताकद किती उरली आहे आणि बाळ तिच्याशी कसे जुळवून घेत आहे, यावर बाळाची अवस्था ठरते. सारखेच गुणोत्तर असलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीचे बाळ तीन आठवडे तग धरते, तर दुसरीला तीन दिवसांत शस्त्रक्रिया लागते. म्हणून बाळासाठीचा निर्णय आम्ही बाळाकडेच पाहून घेतो. नाळेच्या रोहिणीचा डॉपलर, मेंदूतील रोहिणीचा डॉपलर, बाळाच्या यकृतातून हृदयाकडे जाणाऱ्या शिरेतील प्रवाह, बाळाच्या ठोक्यांचा आलेख, गर्भजल आणि दर दोन आठवड्यांनी वजनाची वाढ, हे सगळे त्यात येते. नाळेच्या रोहिणीत हृदयाच्या दोन ठोक्यांमधला प्रवाह कमी होणे, मग थांबणे, मग उलटा फिरणे, या पायऱ्या आहेत. केवडाताईंच्या जाऊबाई पहिल्या पायरीवर आहेत. प्रवाह थांबला तर साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान आणि उलटा झाला तर ३० ते ३२ च्या दरम्यान प्रसूती करावी, असे सध्याचे मार्गदर्शन आहे. ठोक्यांचा आलेख किंवा त्या शिरेतील प्रवाह बिघडला तर त्याआधीही.

मग गुणोत्तराचा उपयोग काय? खूप आहे, पण तो वेगळ्या जागी आहे. रक्तदाब किंचित वाढलेला, डोके दुखते, निदान नक्की नाही, अशा स्त्रीला दाखल करायचे की घरी पाठवायचे, हा आमचा नेहमीचा पेच असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉग्नोसिस या बहुराष्ट्रीय अभ्यासात २४ ते ३७ आठवड्यांमधील अशा स्त्रियांमध्ये गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढच्या एका आठवड्यात प्री-एक्लॅम्पसिया होणार नाही, हे भाकीत ९९.३ टक्के वेळा खरे ठरले. उलट बाजू मात्र घरच्यांनी लक्षपूर्वक वाचावी. ३८ च्या वर आकडा असलेल्यांपैकी चार आठवड्यांत आजार झालेल्या स्त्रिया ३६.७ टक्केच होत्या. म्हणजे या तपासणीचा 'नाही' भरवशाचा आहे आणि 'हो' तेवढा नाही. घरी मात्र लोक 'हो' लाच घाबरतात.

जाऊबाईंचे निदान तर आधीच झालेले आहे. त्यांच्या बाबतीत १४२ दोनच गोष्टी सांगतो. एक, हा आजार खरोखर वारेतून आलेला आहे. दुसरी माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. बाळ लहान आहे ते वारेच्या अपुऱ्या पुरवठ्यामुळे लहान असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. काही बाळे आईवडिलांच्या अंगकाठीप्रमाणे लहानच असतात आणि उत्तम असतात. अशा बाळांच्या आईचे पीएलजीएफ सहसा चांगले असते. पोटातील बाळाच्या दृष्टीने या तपासणीचा सर्वांत मोलाचा उपयोग कोणता असे मला विचाराल, तर लहान पण निरोगी बाळ आणि उपाशी बाळ यांच्यात फरक करायला मदत, हा. त्यावरून डॉपलर आठवड्यातून एकदा करायचा की दोन-तीनदा, हे ठरवता येते. गुणोत्तर फारच मोठे, ६५५ च्या वर असेल तर ३४ आठवड्यांच्या आतील बहुतेक स्त्रियांची प्रसूती ४८ तासांत करावी लागल्याचे एका अभ्यासात दिसले आहे. त्यामुळे तसा आकडा आला की मी स्टिरॉइड आणि नवजात विभागातील खाट, दोन्हींची व्यवस्था त्याच दिवशी करते. पण केवळ आकड्यावरून मी कोणाचीही प्रसूती केलेली नाही आणि करणार नाही.

युरिक अ‍ॅसिडबद्दल थोडक्यात. १९१७ पासून त्याचा या आजाराशी संबंध ज्ञात आहे. ते वाढलेले असेल तर लवकर प्रसूती आणि लहान बाळ यांचे प्रमाण जास्त दिसते, पण एकट्या स्त्रीचे भविष्य सांगायला ते कच्चे आहे. ६.४ हा आकडा बाकीच्या चित्राशी जुळतो, एवढेच मी म्हणेन.

थेम्सकाठ | ५ जुलै, रात्री १०.४५

मी मूळची साताऱ्याची, सध्या इंग्लंडमध्ये राहते. मागच्या वर्षी ३३ व्या आठवड्यात माझा रक्तदाब वाढला तेव्हा इथे गुणोत्तर न काढता फक्त पीएलजीएफ मोजले. ते ४८ आले. सुईणीने समजावले की १०० च्या वर असते तर काळजी कमी, १२ च्या खाली असते तर पातळी फारच कमी म्हणजे काळजी जास्त, आणि मी मधल्या गटात आहे. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तपासणी झाली आणि ३५ व्या आठवड्यात प्रसूती करावी लागली. मुलगी १९०० ग्रॅमची होती, आता छान आहे.

पण माझे पीएलजीएफ पुन्हा कधीच मोजले नाही. मी दोनदा विचारले, दोनदा नाही म्हणाले. त्या वेळी मला वाटले होते की खर्च वाचवत आहेत. केवडाताईंचे दीर जे विचारत आहेत तेच मीही विचारत होते. खरे कारण काय असावे?

घाटमाथा | ६ जुलै, सकाळी ६.५०

थेम्सकाठ, तुमच्याच देशात याचे उत्तर शोधले गेले आहे. आधी ११ रुग्णालयांत पॅरट नावाची चाचणी झाली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. डॉक्टरांना पीएलजीएफचा निकाल कळवल्यावर निदानाला लागणारा मधला काळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि आईला होणारे गंभीर त्रासही कमी झाले. बाळांच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसला नाही. आयर्लंडमध्ये तशीच चाचणी घेतली तेव्हा आईच्या बाबतीतही ठळक फायदा दिसला नाही. तरीही जलद निदानाचे मोल मोठे असल्यामुळे तिकडच्या आरोग्य यंत्रणेने २०२२ च्या सुधारित मार्गदर्शनात, २० आठवडे ते ३६ आठवडे ६ दिवस या काळात संशय असताना ही तपासणी करण्याची शिफारस कायम ठेवली.

त्यानंतर पॅरट-२ झाली. तिने नेमका तुमच्या दिरांचा प्रश्न विचारला होता, केवडाताई : तपासणी पुन्हापुन्हा करून निकाल कळवल्याने बाळांचे भले होते का? २०२४ मध्ये आलेले उत्तर नकारार्थी आहे. वारंवार मोजून बाळांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचे दिसले नाही. एकदा वार आजारी आहे हे कळले की पुढच्या आकड्यांनी उपचारात बदल होत नाही. बाळ कसे आहे हे डॉपलर आणि ठोके सांगतात; आई कशी आहे हे रक्तदाब, प्लेटलेट्स, क्रिएटिनिन, यकृताची विकरे आणि तिची स्वतःची तक्रार सांगते. ज्यावर आपण काही करणार आहोत तेच पुन्हा मोजावे.

काचनळी | ६ जुलै, सकाळी ९.१०

डॉक्टरांच्या म्हणण्याला प्रयोगशाळेच्या बाजूने एक जोड देतो, कारण यात लोकांची फसगत होताना पाहिली आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर मोजलेले पीएलजीएफ एकमेकांशी ताडून पाहता येत नाही. ३८ आणि ८५ हे उंबरठे एका यंत्राचे आहेत, १०० आणि १२ दुसऱ्याचे, आणि अमेरिकेत २०२३ मध्ये ज्या तपासणीला मान्यता मिळाली तिचा उंबरठा ४० आहे. एका शहरात एका यंत्रावर १४२ आले आणि दुसऱ्या शहरात दुसऱ्या यंत्रावर ११० आले, तर सुधारणा झाली असे म्हणता येत नाही. अहवालावर यंत्राचे किंवा पद्धतीचे नाव असते, ते वाचावे.

दुसरे, आठवडा महत्त्वाचा. निरोगी गर्भारपणातही पीएलजीएफ साधारण तिसाव्या आठवड्यापर्यंत चढते आणि मग दिवस भरत येतील तसे उतरत जाते. म्हणूनच निदानासाठी ३४ आठवड्यांच्या आत ८५ आणि नंतर ११० असे दोन उंबरठे आहेत. जुळी असतील तर एसएफएलटी-१ मुळातच जास्त असते. आठवडा आणि गर्भांची संख्या न लिहिता पाठवलेल्या नमुन्याचा आकडा अर्धाच बोलतो.

केवडा | ६ जुलै, रात्री ८.३०

सर्वांचे मनापासून आभार. काकांचा इस्ट्रिऑलचा भाग मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांना बरे वाटले, कारण इतकी वर्षे त्यांना वाटत होते की त्या बाटलीत काहीतरी वाईट निघाले होते आणि ते त्यांच्यापासून लपवले गेले. माझ्या मोठ्या दिरांचा जन्म त्याच वेळचा.

दोन प्रश्न उरले. आईच्या रक्तातून बाळाचे कळत नसेल, तर बाळाचेच रक्त तपासता येत नाही का? आणि घरातील वडीलधारे म्हणतात की सातमाशी बाळ जगते पण आठमाशी जगत नाही, म्हणून आताच प्रसूती करून घ्यावी. हे ऐकून जाऊ रडते.

दुलई | ६ जुलै, रात्री ११.४०

मी बालरोगतज्ज्ञ असून नवजात अतिदक्षता विभागात काम करतो. दुसरा प्रश्न आधी घेतो. केवडाताई, आपल्या जावेला माझ्या वतीने सांगा की हा समज खरा नाही. पोटात बाळ सुरक्षित असेपर्यंत तिथे गेलेला प्रत्येक दिवस फुप्फुसे, आतडी आणि मेंदू यांच्या कामी येतो. ३२ आठवड्यांचे बाळ ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा चांगले सावरते आणि ३४ चे त्याहून चांगले. आमच्या विभागातून दर महिन्याला आठमाशी बाळे घरी जातात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की बाळाचे रक्त तपासता येते आणि पूर्वी तसे केलेही गेले. १९८० च्या दशकात लंडनमध्ये सोनोग्राफीखाली नाळेत सुई घालून वाढ खुंटलेल्या बाळांचे रक्त काढले गेले आणि त्यांतील बरीच बाळे पोटातच प्राणवायूच्या कमतरतेत आणि आम्लतेत असल्याचे दिसले. डॉपलरचे आलेख कशाचे निदर्शक आहेत हे आपल्याला कळले त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. पण सुईमुळे बाळाचे ठोके मंदावू शकतात, रक्तस्राव होऊ शकतो, बाळ जाऊ शकते. आधीच अशक्त असलेल्या बाळावर हे रोज करणे योग्य नव्हते. म्हणून आता निव्वळ देखरेखीसाठी ते कोणी करत नाही. कळा सुरू झाल्यावर बाळाच्या टाळूवरून रक्ताचा थेंब घेऊन त्याची आम्लता मोजण्याची पद्धत बर्लिनच्या एरिख झालिंग यांनी १९६२ च्या सुमारास रूढ केली. तिथे पीएच ७.२५ किंवा अधिक म्हणजे ठीक आणि ७.२० किंवा कमी म्हणजे प्रसूती लगेच, असे मानतात. काही ठिकाणी पीएचऐवजी लॅक्टेट मोजतात, कारण त्याला रक्त फारच थोडे लागते. पण त्यासाठी पिशवी फुटलेली आणि गर्भाशयाचे मुख उघडलेले हवे, आणि ३४ आठवड्यांच्या आतील बाळात हे करत नाहीत. जाऊबाईंच्या परिस्थितीत त्याचा उपयोग नाही.

बाळाच्या स्वतःच्या रक्ताचा पहिला विश्वासार्ह शब्द आम्हाला जन्माच्या क्षणी मिळतो. नाळेचा तुकडा दोन्ही बाजूंनी चिमटा लावून ठेवतात आणि त्यातील रोहिणीचे रक्त तपासतात. पीएच ७.० च्या खाली आणि अल्कलीची तूट (बेस डेफिसिट) १२ किंवा अधिक असेल तर जन्मावेळी बाळाने गंभीर घुसमट सोसली, असे धरून आम्ही मेंदूवर लक्ष ठेवतो. प्री-एक्लॅम्पसियाच्या आयांच्या बाळांमध्ये आणखी तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून पाहतो. प्लेटलेट्स कमी असू शकतात, बहुधा पहिल्या दोन-चार दिवसांत तळ गाठून आपोआप वाढतात. पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल कमी असू शकतात. आणि साठाच नसल्याने साखर फार लवकर उतरते, म्हणून पहिल्या तासांत ती वारंवार मोजावी लागते. या तीनपैकी साखरेचे भान सगळ्यांत जास्त ठेवावे लागते, कारण ती शांतपणे उतरते आणि वेळेवर कळली तर उपाय अगदी सोपा असतो.

समईची_वात | ७ जुलै, सकाळी ८.००

आमच्या गावात गुणोत्तराची तपासणी ऐकलेलीही नाही. माझी भाची गरोदर आहे. तिच्यासाठी मग काय?

घाटमाथा | ७ जुलै, दुपारी २.१५

तिच्यासाठी जे उपलब्ध आहे ते पुष्कळ आहे, फक्त ते वेळेवर व्हायला हवे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथे रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीतील प्रथिने विनामूल्य पाहतात. आशाताईंना तिची नोंद करायला सांगा. पहिले बाळंतपण असून आईला किंवा बहिणीला हा त्रास झालेला असेल, पूर्वी स्वतःला झाला असेल, जुळी असतील किंवा आधीपासून रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिनबद्दल बाराव्या आठवड्याच्या आसपासच डॉक्टरांना विचारा. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे चाचणीत जास्त धोक्याच्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्री-एक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. उशिरा सुरू करून तो फायदा मिळत नाही, आणि स्वतःच्या मनाने तर घेऊच नये.

अठ्ठावीस आठवड्यांनंतर बाळाची हालचाल कमी झाली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे चमकू लागले किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. अशा एका बाईला आम्ही पहाटे गाठले, कारण तिच्या सासूने रात्रीच १०८ ला फोन केला होता. तिच्या हातात कोणताही अहवाल नव्हता.

केवडा | १९ जुलै, रात्री ९.५०

बातमी कळवायची राहिली होती. बत्तीस आठवडे पूर्ण होऊन चार दिवस झाले तेव्हा जावेच्या प्लेटलेट्स ८२,००० वर आल्या आणि यकृताची विकरे वाढली. त्याच सकाळच्या डॉपलरमध्ये नाळेतील मधला प्रवाह थांबलेला होता. दुपारी सिझेरियन झाले. मुलगी, वजन १२९० ग्रॅम. नाळेच्या रक्ताचा पीएच ७.२४ आला, तो कागद हातात पडला तेव्हा दुलई डॉक्टरांचा प्रतिसाद आठवला आणि मी दिरांना तिथेच उभे राहून अर्थ सांगितला. साखर पहिल्या रात्री दोनदा उतरली, सलाईन लावल्यावर सावरली. आज दुसरा दिवस आहे, आणि बाळ श्वासासाठी फक्त नळीतून थोडा आधार घेत आहे. गुणोत्तर शेवटपर्यंत पुन्हा काढले नाही.

जावेचा रक्तदाब मात्र आज पुन्हा १५० च्या वर आहे. वार निघून गेल्यावर ते प्रथिनही गेले असेल ना?

काचनळी | १९ जुलै, रात्री १०.३०

बाळबाळंतिणीला आशीर्वाद. वार निघाली की एसएफएलटी-१ दोन दिवसांत झपाट्याने उतरते, पण त्याने दुखावलेले रक्तवाहिन्यांचे अस्तर तेवढ्या वेगाने बरे होत नाही.

घाटमाथा | १९ जुलै, रात्री १०.५५

अभिनंदन, केवडाताई. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात रक्तदाब सर्वांत वर जातो आणि झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात, त्यामुळे या आठवड्यात तिला घरी नेण्याची घाई करू नका. घरी गेल्यावर रक्तदाब मोजून वहीत लिहा आणि सहा आठवड्यांनी लघवी पुन्हा तपासा. या स्त्रियांना पुढील आयुष्यात रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका जास्त असतो, म्हणून दरवर्षी एकदा रक्तदाब पाहत राहा, आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत ही सारी हकिकत सांगा. डिस्चार्जचा कागद, डॉपलरचे अहवाल आणि गुणोत्तराचा अहवाल एका पिशवीत घालून जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना त्यांचा उपयोग होईल.